सुई कुणाला लागते?

भोसरी-चाकण पट्ट्यातल्या एखाद्या बऱ्यापैकी कारखान्यात शिरलात, की दारातच एक फलक दिसतो: शेवटच्या अपघाताला इतके इतके दिवस झाले. आत प्रेस शॉपमध्ये गेलात तर मशीनला दोन बटणे असतात, एकमेकांपासून चांगली लांब. दोन्ही हातांनी दोन्ही बटणे एकदम दाबल्याशिवाय प्रेस खाली येत नाही, आणि हात बटणांवर असले की बोट डायखाली सापडायचा प्रश्नच उरत नाही. रात्रपाळीच्या शेवटच्या तासाला माणसाचे लक्ष उडणार, हे ती बटणे बसवणाऱ्याने धरूनच चाललेले असते. (काही छोट्या वर्कशॉपमध्ये उत्पादन वाढावे म्हणून एक बटण वायर जोडून निकामी करतात. त्याचे पुढे काय होते, ते आपल्या भागातल्या कुठल्याही हाडांच्या डॉक्टरांना विचारावे.)

मोशी या पट्ट्याच्या बरोबर मधोमध आहे. १९९७ मध्ये पिंपरी-चिंचवड महापालिकेत आलेले हे गाव आता पुणे-नाशिक रस्त्याच्या दोन्ही अंगांनी सोसायट्यांनी भरले आहे. तळमजल्यावर मेडिकल आणि वरच्या मजल्यावर पंधरा-वीस खाटांचे हॉस्पिटल, अशा इमारती इथे जागोजागी आहेत. महापालिकेने मोशीत मोठे रुग्णालयही उभारायला घेतले आहे. नवरा चाकणला कंपनीत आणि बायको हॉस्पिटलात सिस्टर, अशी घरे इथे शोधावी लागत नाहीत. नवऱ्याच्या खात्यात अपघात होता होता टळला तरी त्याची नोंद करतात, कारण शोधतात, मशीनला जाळी बसवतात. बायकोच्या बोटात रुग्णाची सुई घुसली, तर बहुतेक ठिकाणी तिला एकच गोष्ट ऐकायला मिळते: "जरा सांभाळून करायचं ना, सिस्टर."

हॉस्पिटलातल्या माणसांचे दुसऱ्याच्या रक्तापासून रक्षण करण्याचे शास्त्र या एका वाक्याविरुद्ध उभे राहिले आहे.

पहाटेचे साडेचार वाजले आहेत. रुग्णाची सलाईनची लाईन बंद पडली आहे, नवी लावायची आहे. सिस्टर हातावर पट्टा बांधते, शीर शोधते आणि कॅन्युला आत सरकवते. कॅन्युला म्हणजे प्लास्टिकची बारीक नळी आणि तिच्या पोटात पोलादी पोकळ सुई. नळी शिरेत गेली की सुई मागे ओढून काढायची. आता हिशेब करा. एका हाताचा अंगठा शिरेवर दाबून धरलेला, कारण सोडला तर रक्त येणार. दुसऱ्या हातात उघडी सुई, तिच्या पोकळीत ताजे रक्त. नळीचे तोंड बंद करायचे आहे, चिकटपट्टी लावायची आहे, आणि तिसरा हात नाही. सुया टाकायचा पांढरा डबा ट्रॉलीवर आहे, ट्रॉली दोन खाटा सोडून पलीकडे. म्हणून ती सुई घटकाभर गादीवर ठेवली जाते. तेवढ्यात पलीकडच्या खाटेवरून हाक येते. सकाळी चादरी बदलायला मावशी येतात, चादर गोळा करून छातीशी धरतात, आणि सुई लागते ती मावशींना. त्यांनी आयुष्यात कुणाला इंजेक्शन दिलेले नसते.

यात चूक कुणाची, असे विचारले की बोट सिस्टरकडे जाते. डबा दोन खाटा पलीकडे का होता, असे विचारले की उत्तर बदलते.

मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयाने १९९८ ते २००३ या सहा वर्षांतल्या अशा घटनांचा हिशेब २००५ मध्ये प्रसिद्ध केला. रक्त किंवा शरीरद्रवाशी संपर्क आल्याचे ३८० कर्मचाऱ्यांनी स्वतःहून कळवले होते. त्यांत ४५ टक्के परिचारिका होत्या, ११ टक्के डॉक्टर, ११ टक्के तंत्रज्ञ. आणि ३३ टक्के होते मदतनीस, म्हणजे आपल्या भाषेत मामा, मावशी, वॉर्डबॉय. दर तीन जखमींमधला एक असा होता, की ज्याच्या कामात सुई टोचणे येतच नाही. त्याच्याकडे सुई येते ती कचऱ्याच्या पिशवीतून, चादरीतून, ऑपरेशन थिएटरमधल्या, म्हणजे ओटीतल्या, कपड्यांच्या गाठोड्यातून. दुसऱ्या कुणी 'घटकाभर' ठेवलेली.

या विषयाकडे यंत्राच्या बाजूने पाहायला शिकवले ते अमेरिकेतल्या व्हर्जिनिया विद्यापीठाच्या जॅनिन जॅगर यांनी. त्या साथरोगतज्ज्ञ. त्याआधी त्यांचे काम होते डोक्याला मार लागणाऱ्या अपघातांवर, त्यात मोटारींचे अपघात आलेच. गाडी चालवणाऱ्याला 'नीट चालवा' सांगून मृत्यू फारसे कमी होत नाहीत. गाडीची रचना बदलली की होतात, हे त्या क्षेत्रात एव्हाना मान्य झाले होते. गाड्या बनवणाऱ्या आपल्या पट्ट्याला हे वेगळे सांगायला नको. जॅगर यांनी तीच नजर हॉस्पिटलातल्या सुईवर वळवली. १९८८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात एका विद्यापीठ रुग्णालयातल्या ३२६ जखमा तपासल्या होत्या, आणि प्रत्येक जखम कुठल्या साधनाने झाली हे नोंदवले होते. विकत घेतलेल्या दर एक लाख नगांमागे साध्या डिस्पोजेबल सिरिंजने ६.९ जखमा झाल्या होत्या, तर सलाईनच्या नळीला जोडायच्या सुयांनी ३६.७. माणसे तीच, हॉस्पिटल तेच, प्रशिक्षणही तेच. फरक होता तो साधनाचा. जे वापरल्यावर हाताने सुटे करावे लागते ते जास्त चावते.

या अभ्यासातली दुसरी गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. जवळजवळ एक तृतीयांश जखमा सुईला परत टोपण लावताना झाल्या होत्या. टोपण लावू नका, हे तेव्हाही सगळ्यांना शिकवलेले होते. मग का लावत? उघडी सुई हातात घेऊन डब्यापर्यंत चालायची भीती वाटे म्हणून. चार-पाच वस्तू एकाच फेरीत न्यायच्या असत म्हणून. म्हणजे नियम मोडणारी परिचारिका निष्काळजी नव्हती, ती आपल्या परीने काळजीच घेत होती. तिच्यासमोर दोन धोके होते, त्यांतला जो समोर दिसत होता तो तिने टाळला. भिंतीवर 'टोपण लावू नका' अशी पाटी लावून ही अडचण सुटत नाही. डबा हाताच्या अंतरावर आणला की सुटते.

यातून उपायांची उतरंड लागते, आणि कारखान्यातल्या सेफ्टी ऑफिसरला ती तोंडपाठ असते. सगळ्यात वर, धोका मुळातच काढून टाकणे: गोळीने भागत असेल तिथे इंजेक्शन न देणे. त्याखाली साधन बदलणे: सुई मागे ओढताच टोकावर आपोआप झाकण बसणाऱ्या कॅन्युला, सुईविना जोडता येणाऱ्या सलाईनच्या नळ्या, स्नायू शिवायला बोथट टोकाच्या सुया. त्याखाली कामाची रीत: ओटीत धारदार हत्यार हातातून हातात न देता किडनी ट्रेमध्ये ठेवून द्यायचे, डबा पाऊण भरला की बंद करायचा, टोपण लावणे अगदीच भाग पडले तर ते ट्रेमध्ये आडवे ठेवून एकाच हाताने सुईवर उचलून घ्यायचे. हातमोजे, चष्मा, एप्रन सगळ्यात तळाला. आपल्याकडे ही उतरंड उलटी धरली जाते. हातमोज्यांचे खोके आणले की सुरक्षा झाली, असे व्यवस्थापनाला वाटते. झाकण बसणाऱ्या कॅन्युलेला दोन पैसे जास्त पडतात, आणि खरेदीच्या बैठकीत सगळ्यात कमी दराची निविदा जिंकते. त्या बैठकीत सुई वापरणारी सिस्टर बसलेली नसते. अमेरिकेने नोव्हेंबर २००० मध्ये यासाठी कायदाच केला: सुरक्षित साधने घ्या, प्रत्येक जखमेची नोंदवही ठेवा, आणि साधन निवडताना जे ते प्रत्यक्ष वापरतात त्यांना विचारा. माझ्या मते यातले तिसरे कलम सगळ्यात मोलाचे, आणि त्याला खर्चही येत नाही.

हातमोजे तळाला म्हणजे निरुपयोगी, असे मात्र कुणी समजू नये. रबराचा पातळ मोजा सुई अडवत नाही, पण भोसकून जाताना तिच्यावरचे बरेचसे रक्त पुसून घेतो, आणि शरीरात किती रक्त गेले यावर पुष्कळ काही अवलंबून असते. मोजे नसले की काय होते याची एक हकीकत महाराष्ट्राला अप्रत्यक्षपणे माहीत आहे. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ मध्ये पाच भारतीय डॉक्टरांच्या पथकातून चीनला गेले आणि पुढे तिथल्या बेथून आंतरराष्ट्रीय शांतता रुग्णालयाचे प्रमुख झाले. व्ही. शांताराम यांच्या १९४६ च्या चित्रपटामुळे कोटणीस घरोघरी पोचले. ज्यांच्या नावाचे ते रुग्णालय, ते कॅनडाचे शल्यविशारद नॉर्मन बेथून कसे गेले, हे मात्र फारसे कुणाला ठाऊक नसते. ऑक्टोबर १९३९ च्या अखेरीस आघाडीवर एका सैनिकावर शस्त्रक्रिया करताना त्यांच्या बोटाला कापले. हातात मोजे नव्हते. जखमेतून जंतू रक्तात पसरले आणि १२ नोव्हेंबरला ते वारले. शस्त्रक्रियेच्या टेबलाशी झालेली एवढीशी जखम दोन आठवड्यांत माणूस नेऊ शकते.

आज जंतूंपेक्षा विषाणूंची धास्ती जास्त आहे, आणि इथे लोकांच्या मनातली भीती आणि वस्तुस्थिती यांची फारकत आहे. सुई लागली की पहिला शब्द तोंडात येतो तो एचआयव्ही. एचआयव्हीबाधिताच्या रक्ताची सुई लागल्यावर लागण होण्याची शक्यता हजारात तीनच्या आसपास असते. हेपटायटिस सी साठी पूर्वी शंभरात दोनच्या आसपासचा आकडा धरत. नव्या अभ्यासांत तो बराच कमी आढळला. हेपटायटिस बी चे काय? लस न घेतलेल्या माणसाला बाधित रक्ताची सुई लागली तर शंभरात सहापासून तीसपर्यंत. हा विषाणू वाळलेल्या रक्ताच्या डागातसुद्धा निदान आठवडाभर तग धरतो. म्हणजे ज्याला सगळे घाबरतात त्याच्याहून हा कितीतरी पटीने चिवट, आणि यालाच लस आहे. शून्य, एक आणि सहा महिने अशी तीन इंजेक्शने, मग महिन्या-दोन महिन्यांनी रक्ततपासणी. प्रतिपिंडे दहा एककांच्या वर गेली की काम झाले. २०१८ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय विषाणूजन्य हेपटायटिस नियंत्रण कार्यक्रमात आरोग्य कर्मचाऱ्यांच्या लसीकरणाची तरतूद आहे. डॉक्टर आणि सिस्टर लस घेतात. अडते ते कंत्राटी मामा-मावशींचे. पहिला डोस मिळतो, दुसराही मिळतो, आणि सहा महिन्यांनी तिसऱ्याची वेळ येईपर्यंत ठेकेदार बदललेला असतो. हिंदुजाचे ते ३३ टक्के आठवा.

सगळेच शरीरद्रव सारखे धोक्याचे नसतात, हेही सांगायला हवे, नाहीतर भीतीपायी रुग्णाला हात लावायलाच माणसे बिचकतात. रक्त, गर्भजल, मणक्यातले पाणी, छातीत किंवा पोटात साठलेले पाणी, वीर्य, योनिस्राव हे धोक्याचे. घाम, अश्रू, थुंकी, लघवी यांत रक्त दिसत नसेल तर या तीन विषाणूंपुरती काळजी नाही. नाशिक रस्त्यावरचा अपघातग्रस्त १०८ च्या गाडीतून येतो तेव्हा, किंवा प्रसूतिगृहात पाणमोट फुटते तेव्हा, सुईइतकाच उडणाऱ्या थेंबांचा प्रश्न असतो. तिथे डोळ्यांवरचा साधा पारदर्शक चष्मा कामाला येतो, आणि नेमका तोच कपाटात कुलपात असतो.

मोशीहून काही किलोमीटरवर, भोसरी एमआयडीसीत, १९९२ मध्ये भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेने राष्ट्रीय एड्स संशोधन संस्था उभी केली. कारखान्यांच्या गराड्यात असलेली, पूर्वी 'नारी' या नावाने ओळखली जाणारी ही संस्था शेजारच्या अनेकांना ठाऊकही नसते. तो काळ असा होता, की रुग्ण एचआयव्हीबाधित निघाला तर त्याच्या खाटेवर किंवा फाइलवर खूण करायची पद्धत अनेक ठिकाणी होती. कर्मचाऱ्यांना वाटे, यात आपले रक्षण आहे. खरे तर यात दोघांचेही नुकसान. खूण असलेल्याची अवहेलना होते, आणि खूण नसलेल्याजवळ सगळे बेसावध राहतात. लागण झाल्यावर पहिले काही आठवडे तपासणीत ती दिसतही नाही. म्हणून प्रत्येक रुग्णाचे रक्त बाधित आहे असे धरूनच वागायचे, हा नियम जगाने १९८७ नंतर स्वीकारला. तीन वर्षांचे पोर असो, गावातले वारकरी आजोबा असोत, की खुद्द हॉस्पिटलच्या मालकाची आई, सगळ्यांना तोच नियम.

इतके करूनही सुई लागतेच. लागली की पहिली प्रतिक्रिया बोट तोंडात घालण्याची किंवा दाबून रक्त काढण्याची होते. दोन्ही करायचे नाही. वाहत्या पाण्याखाली साबणाने धुवायचे, बस. स्पिरिट, ब्लीच, आयोडीन चोळायचे नाही. डोळ्यांत उडाले तर स्वच्छ पाण्याने किंवा सलाईनने भरपूर धुवायचे. लेन्स असेल तर आधी लेन्ससकट धुवायचे, मग ती काढायची. त्यानंतर घड्याळ महत्त्वाचे. एचआयव्हीचा धोका ठरला तर प्रतिबंधक औषधाचा पहिला डोस शक्यतो दोन तासांच्या आत, आणि काही झाले तरी ७२ तासांच्या आत पोटात गेला पाहिजे. पुढे २८ दिवस रोज गोळी. १९९७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका आंतरराष्ट्रीय अभ्यासात, झिडोव्हुडिन हे एकच औषध घेतलेल्या कर्मचाऱ्यांत लागणीची शक्यता सुमारे ८१ टक्क्यांनी कमी आढळली होती. आज दिली जाणारी तीन औषधांची एकत्रित गोळी त्याहून सोसायला सोपी आहे. हिंदुजाच्या त्या नोंदींत २३ जणांना एचआयव्हीबाधित रक्ताचा संपर्क झाला होता. सहा महिन्यांच्या पाठपुराव्यात एकालाही लागण झाली नाही. हेपटायटिस बी ची लस घेतलेली नसेल तर तयार प्रतिपिंडांचे इंजेक्शन आणि लस एकाच वेळी द्यावी लागते. आणि त्याच दिवशी स्वतःच्या रक्ताचा नमुना द्यायचा. तो दिला नाही तर पुढे काही निघाले तरी ते कामावरच झाले, हे सिद्ध करणे कठीण.

मोशीतल्या पंधरा खाटांच्या हॉस्पिटलात रात्री दोनला ही गोळी कपाटात असेलच असे नाही. म्हणून ती कुठे मिळते हे आधी ठरलेले हवे. पिंपरीच्या संत तुकारामनगरमधल्या यशवंतराव चव्हाण स्मृती रुग्णालयात, म्हणजे वायसीएममध्ये, एचआयव्हीची औषधे देणारे एआरटी केंद्र आहे. तिथे रात्री कुणाला भेटायचे, त्यांचा फोन कोणता, हे नर्सिंग स्टेशनच्या भिंतीवर लिहिलेले असावे. एवढ्याने दोन तासांचा हिशेब जुळतो.

तो बहुतेकदा जुळत नाही, कारण सुई लागलेला माणूस सांगतच नाही. सिस्टरला मेमोची भीती. शिकाऊ डॉक्टरला हसे होण्याची. मावशींना काम जाण्याची, आणि त्यांना सांगायचे कुणाला हेच माहीत नसते. वर कायदाही या जखमेला मोठी मानत नाही. २०१६ च्या जैववैद्यकीय कचरा नियमांत 'मोठा अपघात' म्हणजे काय ते सांगताना सुई टोचण्याच्या घटना स्पष्ट शब्दांत वगळल्या आहेत. कचऱ्याची गाडी उलटली तर मोठा अपघात. मावशींच्या बोटात सुई गेली तर नाही. व्याख्या करणाऱ्यांना व्यापक हानी अभिप्रेत होती हे समजते, पण वॉर्डात त्याचा अर्थ 'किरकोळ' असाच घेतला जातो. त्याच नियमांनी मालकावर काही कर्तव्ये घातली आहेत, ती सहसा कुणी वाचून दाखवत नाही: कचरा हाताळणाऱ्या प्रत्येकाला हेपटायटिस बी आणि धनुर्वाताची लस, कामावर घेताना आणि पुढे दरवर्षी प्रशिक्षण, तशीच आरोग्य तपासणी. 'प्रत्येकाला' यात कंत्राटी माणूस आला. १० सप्टेंबर २०१८ पासून लागू झालेला एचआयव्ही-एड्स कायदा तर जिथे असा धोका आहे त्या आरोग्यसंस्थांना सुरक्षेची साधने, त्यांचे प्रशिक्षण आणि लागल्यानंतरचे औषध देणे बंधनकारक करतो. वीस किंवा अधिक माणसे असलेल्या आरोग्यसंस्थेत तक्रार अधिकारीही नेमावा लागतो. कामगारांच्या नुकसानभरपाईच्या कायद्यातल्या व्यवसायजन्य आजारांच्या यादीत आरोग्य आणि प्रयोगशाळेच्या कामातून जडलेला संसर्ग अगदी पहिल्या नोंदीत बसतो. चाकणला बोट गमावलेल्या कामगाराला दाद मागता येते, तशी मावशींनाही मागता येते. अट एकच, त्या दिवशी कागदावर नोंद झाली पाहिजे.

यात वाचकाकडेही थोडे काम येते. सर्दी-तापाला "डॉक्टर, एक इंजेक्शन देऊनच टाका" असा हट्ट धरू नका. न दिलेले इंजेक्शन कुणालाच टोचत नाही. आणि घरात कुणी इन्सुलिन घेत असेल, तर त्या सुया कुठे जातात ते पाहा. घरातल्या कचऱ्यातून घंटागाडीत, आणि घंटागाडीतून मोशीच्या कचरा डेपोत. तिथे आता कचऱ्यापासून वीज करण्याचा प्रकल्प आहे, १ ऑगस्ट २०२३ ला त्याचे उद्घाटन झाले. पण यंत्राच्याही आधी तुमच्या पिशवीला हात लागतो तो गाडीवरच्या माणसाचा. त्याला लस मिळाली आहे का, तुम्हाला माहीत नाही. वापरलेल्या सुया २०१६ च्या घनकचरा नियमांनी घातक घरगुती कचऱ्यात घातल्या. त्या ओल्या-सुक्यात टाकायच्या नसतात. जाड प्लास्टिकची, फिरकीच्या झाकणाची बाटली घ्या, सुया तिच्यात टाका, पाऊण भरली की झाकण घट्ट लावून वर मोठ्या अक्षरांत 'सुया' असे लिहा, आणि ती पिशवीत न घालता गाडीवरच्या माणसाच्या हातात वेगळी द्या, सांगून.